कायदेशीर हकालपट्टी: क्रीक आणि चेरोकी लोकांची जमीन नेमकी कशी गेली?

९ जुलै २०२० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी एक निकाल दिला. ओक्लाहोमा राज्यातला सुमारे तीस लाख एकरांचा पट्टा फौजदारी कायद्यापुरता अजूनही क्रीक या तिथल्या मूळ रहिवाशांच्या राष्ट्राचा राखीव मुलूख आहे, असं त्यात ठरलं. टल्सा शहराचा मोठा भाग याच पट्ट्यात येतो. न्यायमूर्ती नील गॉर्सच यांनी निकालपत्राची सुरुवात केली ती अशी: 'अश्रूंच्या वाटेच्या पलीकडच्या टोकाला एक वचन होतं.' ('अश्रूंची वाट' म्हणजे क्रीक, चेरोकी अशा लोकांना हाकलून पश्चिमेला नेलं तो प्रवास.) तेव्हापासून क्रीक आणि चेरोकी ही नावं अमेरिकेतल्या बातम्यांत सारखी येतात. कधी कर कोणी वसूल करायचा यावरून, कधी पोलिसांचा अधिकार कुठवर यावरून, कधी संसदेत प्रतिनिधी पाठवण्यावरून.

आपल्याकडे चेरोकी म्हटलं की बहुतेकांना आधी जीप आठवते. त्यामुळे अशी बातमी वाचताना दोन ठिकाणी अडायला होतं. मूळचे जॉर्जिया-अलाबामाकडचे हे लोक हजार-दीड हजार किलोमीटर लांब ओक्लाहोमात आले कसे? आणि वचन दिलं कुणी, कशाबद्दल?

'गोऱ्यांनी बंदुकीच्या जोरावर हाकललं' हे उत्तर खोटं नाही, पण अर्धंच आहे. बंदूक आली ती शेवटी. त्याआधीची तीस-पस्तीस वर्षं काम कागदानं केलं: करारनामे, तह, कायदे, वाटपाचे उतारे, लॉटरीच्या सोडती. हे नीट लक्षात घेतलं नाही तर २०२० चा निकालही कळत नाही, कारण तो याच कागदांवर उभा आहे.

## आधी ही माणसं कोण?

अठराव्या शतकाच्या अखेरीस आजच्या जॉर्जिया आणि अलाबामाच्या मोठ्या भागात क्रीक लोकांची गावं होती. ते स्वतःला मस्कोगी म्हणवतात. क्रीक हे इंग्रजांनी पाडलेलं नाव. चॅटाहूची, फ्लिंट, कूसा, टॅलापूसा या नद्यांच्या काठानं वसलेली त्यांची गावं बरीचशी स्वतंत्र असत. प्रत्येक गावाचा आपला चौक, आपली सभा, आपला पवित्र अग्नी. सगळ्यांचं मिळून एक सैलसर महासंघासारखं राष्ट्र. त्यांच्या उत्तरेला डोंगराळ भागात चेरोकी. जॉर्जिया, टेनेसी, नॉर्थ कॅरोलिना आणि अलाबामा जिथे एकमेकांना भिडतात तो त्यांचा मुलूख. दोन्हीकडे वंश आईकडून मोजत आणि शेतीत बायकांचा वाटा मोठा.

अटलांटाच्या उत्तरेला जॉन्स क्रीक, अल्फारेटा, फोर्सिथ काउंटी या पट्ट्यात आज बरीच मराठी कुटुंबं घर करून आहेत. त्यांच्या घरापासून जवळून वाहणारी चॅटाहूची नदी त्या भागात क्रीक आणि चेरोकी यांच्यातली सरहद्द मानली जाई. फोर्सिथ ही काउंटी १८३२ मध्ये चेरोकींची जमीन तोडून केली. तिला नाव मिळालं जॉन फोर्सिथ यांचं. चेरोकींना हलवण्याच्या कायद्याची सेनेटमध्ये जोरदार बाजू मांडणारे ते जॉर्जियाचे पुढारी.

तीन शब्दांचा अर्थ आत्ताच लावून ठेवू. 'राष्ट्र' म्हणजे इथे स्वतःचं सरकार, कायदे आणि नागरिक असलेला समूह. अमेरिकेचा कायदाही हाच शब्द वापरतो. 'तह' म्हणजे अशा राष्ट्राशी अमेरिकेच्या केंद्र सरकारनं केलेला करार, ज्याला सेनेटची दोन-तृतीयांश मतं लागतात. आणि 'राखीव मुलूख' म्हणजे अशा राष्ट्रासाठी राखलेला भूभाग. अमेरिकन बातमीत त्याला 'रिझर्वेशन' म्हणतात. आपल्याकडच्या नोकरी-शिक्षणातल्या आरक्षणाशी त्याचा संबंध नाही.

## एकाच जमिनीची दोघांना दिलेली वचनं

भांडणाचं मूळ १८०२ च्या एका करारात आहे. तेव्हा जॉर्जिया राज्य पश्चिमेकडे थेट मिसिसिपी नदीपर्यंत हक्क सांगत असे. तो हक्क त्यानं केंद्र सरकारला साडेबारा लाख डॉलरला सोडला. बदल्यात केंद्रानं कबूल केलं की जॉर्जियाच्या उरलेल्या हद्दीतली इंडियन लोकांची, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची जमीन, शांततेनं आणि वाजवी अटींवर जमेल तेव्हा, आम्ही मोकळी करून देऊ. त्याच केंद्र सरकारनं याआधीच तहांमध्ये क्रीक आणि चेरोकींना त्यांच्या जमिनीची हमी दिली होती. एकच जमीन दोघांना. हे प्रकरण आज ना उद्या पेटणारच होतं.

पेटवलं कापसानं. सरकी काढायचं यंत्र १७९३ मध्ये आलं आणि दक्षिणेतला कापूस सोन्याच्या भावानं जाऊ लागला. गुलामांकडून पिकवलेल्या कापसाला नवीन, कसदार जमीन हवी होती. ती नेमकी क्रीकांच्या अलाबामात होती.

## क्रीक: आधी मित्राचीच जमीन गेली

१८१३ मध्ये क्रीकांमध्येच यादवी पेटली. गोऱ्यांच्या वाढत्या दाबाविरुद्ध उठलेल्या गटाला 'रेड स्टिक्स' म्हणत. अँड्र्यू जॅक्सन या टेनेसीच्या सेनानीनं २७ मार्च १८१४ रोजी हॉर्सशू बेंड इथे त्यांचा मोड केला. आठशेच्या आसपास रेड स्टिक्स मारले गेले. जॅक्सनच्या बाजूनं त्या दिवशी लढायला शेकडो चेरोकी होते आणि त्याच्याशी निष्ठा राखलेले क्रीकही होते. ऑगस्टमध्ये तह झाला. जॅक्सननं दोन कोटींहून जास्त एकर जमीन मागितली आणि घेतली. त्यातली बरीच जमीन त्याच्याच बाजूनं लढलेल्या क्रीकांची होती. (अमेरिकेच्या वीस डॉलरच्या नोटेवर ज्याचं चित्र आहे तो हाच जॅक्सन.)

मग क्रीकांच्या राष्ट्रीय सभेनं कायदा केला: सभेच्या संमतीशिवाय जो कोणी जमीन विकेल त्याला मृत्युदंड. तरी फेब्रुवारी १८२५ मध्ये विल्यम मॅकिंटॉश या मुखियानं आपल्या गटासह इंडियन स्प्रिंग्ज इथे तहावर सही केली आणि जॉर्जियातली उरलीसुरली क्रीक जमीन देऊन टाकली. त्याबद्दल त्याला स्वतःला पैसे मिळणार होते. ३० एप्रिलला क्रीकांनीच त्याच्या घराला वेढा घालून कायद्याची अंमलबजावणी केली. राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्या लक्षात आलं की तह फसवणुकीचा आहे, आणि तो रद्दही झाला. पण त्याच्या जागी १८२६ मध्ये जो तह झाला त्यात जॉर्जियाला जवळजवळ तीच जमीन मिळाली. फसवणूक सिद्ध झाली तरी माल परत नाही, हा नमुना पुढे पुन्हा दिसेल.

## '३२० एकर प्रत्येकी' यात वाईट काय होतं?

आता क्रीकांकडे फक्त अलाबामातला पट्टा राहिला. मार्च १८३२ च्या तहानं तोही सरकारला सोडला गेला, पण एक सवलत ठेवून: प्रत्येक कुटुंबप्रमुखाला ३२० एकर आणि ९० मुखियांना ६४० एकर जमीन त्यांच्या स्वतःच्या नावावर. हवं तर राहा, हवं तर विका आणि पश्चिमेला जा. कुणालाही हलण्याची सक्ती नाही, असं तहातच लिहिलेलं होतं.

वाचायला हे फारच उदार वाटतं, म्हणून इथे जरा थांबू. जमीन गावाची होती तोवर ती काढून घ्यायला सगळं राष्ट्र वाकवावं लागत होतं. ती एकेकाच्या नावावर झाली की एकेकाला गाठणं पुरे. जॉर्जियातल्या कोलंबस शहरात जमिनीच्या सट्टेबाजांच्या कंपन्या उभ्या राहिल्या. विक्रीला सरकारी अधिकाऱ्याचा दाखला लागे. मालकानं समोर येऊन पैसे मिळाल्याचं सांगायचं, असा नियम. अधिकारी इंडियन माणसाला ओळखत नाही. मग कुणाही गरजू इंडियन माणसाला पाच-दहा डॉलर द्यायचे, 'तूच अमका' म्हणून टेबलापुढे उभं करायचं, त्याच्या हातावर सरकारी साक्षीनं पैसे मोजायचे, अंगठ्यासारखी फुली घ्यायची आणि बाहेर पडल्यावर पैसे काढून घ्यायचे. खरा मालक तिकडे शेतात. घरी माणसं येऊन हुसकून लावेपर्यंत आपली जमीन विकली गेल्याचं त्याला कळायचं नाही. दारू पाजून, उधारीचा हिशोब फुगवून, मेलेल्याचा वारस म्हणून परक्यालाच नेमून घेतलेल्या जमिनी वेगळ्याच. सट्टेबाजांनी आपापसात लिहिलेली पत्रं नंतर सरकारी कागदपत्रांत छापली गेली. त्यात ते या धंद्याला सरळ चोरीच म्हणतात. दाखला देणाऱ्याच्या सहीमुळे मात्र ती चोरी कागदावर विक्री होती.

घर नाही, पीक नाही, उपासमार. १८३६ च्या वसंतात काही क्रीक गटांनी हत्यार उचललं. वृत्तपत्रांनी त्याला 'क्रीक युद्ध' म्हटलं आणि सरकारला निमित्त मिळालं. फसवणुकीची चौकशी चालू होती ती बाजूला पडली. सक्ती नाही असं म्हणणारा तहही बाजूला पडला. एनिआ इमाथला हा ऐंशीपुढचा म्हातारा मुखिया इतर कैद्यांबरोबर बेड्या घालून चालवला गेला. त्या एका वर्षात चौदा हजारांहून जास्त क्रीक हलवले. त्यात युद्धाशी काडीचा संबंध नसलेले बहुसंख्य. वाहतुकीचा खासगी कंपन्यांना ठेका, तोही माणशी ठरावीक दरानं. म्हणजे अन्न, गाड्या, थांबे यांवर जेवढा खर्च कमी तेवढा नफा जास्त. याहून वाईट व्यवस्था मुद्दाम बसून काढायची म्हटली तरी कठीण आहे.

यातलीच एक हकिगत. सातशेवर क्रीक पुरुष सरकारच्या बाजूनं फ्लोरिडात सेमिनोल लोकांशी लढायला गेले होते. तोवर तुमच्या बायकापोरांना सांभाळू, असं त्यांना सांगितलेलं. त्या कुटुंबांना छावण्यांत ठेवलं आणि मग पश्चिमेला रवाना केलं. ३१ ऑक्टोबर १८३७ च्या रात्री मिसिसिपी नदीत 'मॉनमाउथ' ही जुनाट आगबोट सहाशेवर माणसं कोंबून चुकीच्या बाजूनं जात होती. ओढून आणल्या जाणाऱ्या दुसऱ्या जहाजावर ती आदळली आणि दुभंगली. तीनशेच्या वर क्रीक बुडाले. त्या लढायला गेलेल्यांपैकीच जिम बॉय नावाच्या मुखियाची चार मुलं त्यात गेली.

लोचापोका गावचे लोक अलाबामातून निघताना गावच्या अग्नीची राख सोबत घेऊन निघाले. १८३६ मध्ये अर्कान्सा नदीच्या काठी एका ओकच्या झाडाखाली त्यांनी ती नव्या अग्नीत घातली. ते झाड आजही आहे आणि त्याभोवती वाढलेलं शहर म्हणजे टल्सा.

## चेरोकींनी तर 'सुधारणा' केली होती ना?

केली, आणि म्हणूनच त्यांची गोष्ट जास्त बोचते. शिका, शेती करा, कायदा पाळा म्हणजे तुम्हाला कुणी हात लावणार नाही, असं पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या काळापासून सांगितलं जात होतं. सेक्वोया नावाच्या, इंग्रजी वाचता न येणाऱ्या माणसानं १८२१ च्या सुमारास चेरोकी भाषेसाठी एकट्यानं लिपी तयार केली. काही वर्षांतच लोक तिच्यात भराभर लिहू-वाचू लागले. १८२७ मध्ये लेखी राज्यघटना. २१ फेब्रुवारी १८२८ पासून न्यू इकोटा या राजधानीतून 'चेरोकी फिनिक्स' हे दोन भाषांतलं वृत्तपत्र. शेतं, गिरण्या, नदीवरच्या तरी, शाळा. 'भटके होते, जमीन रिकामी होती' असं म्हणणाऱ्यांनी सरकारनंच केलेली १८३५ ची चेरोकी शिरगणती पाहावी. त्यात घर न् घर, शेत न् शेत मांडलेलं आहे.

जॉर्जियाला हे नको होतं. घटना केली म्हणजे हे कायमचं राहणार, एवढाच त्याचा अर्थ राज्यानं काढला. त्यातच डॅलोनेगाच्या आसपास सोनं सापडलं आणि १८२९ पासून खाणकऱ्यांच्या झुंडी घुसल्या. राज्यानं चेरोकींचे कायदे रद्दबातल ठरवले, त्यांच्या सभांवर बंदी घातली आणि गोऱ्या माणसाविरुद्ध चेरोकीची साक्ष चालणार नाही असं केलं. या शेवटच्या कलमाचा अर्थ सोपा आहे: तुमची गुरं दिवसाढवळ्या हाकून नेली तरी कोर्टात ते सांगणारं कोणी उरत नाही.

जॅक्सन १८२९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला. २८ मे १८३० रोजी त्यानं स्थलांतराच्या कायद्यावर सही केली. तो कायदा जेमतेम मंजूर झाला होता. कनिष्ठ सभागृहात १०२ विरुद्ध ९७. टेनेसीचा खासदार डेव्ही क्रॉकेट आपल्याच राज्याच्या नेत्याविरुद्ध गेला. मजा म्हणजे या कायद्यातही सक्तीचं कलम नाही. पूर्वेची जमीन द्या, पश्चिमेची घ्या, अशी बोलणी करण्याचा अधिकार आणि पाच लाख डॉलर, एवढंच. राज्यानं जिणं अशक्य करायचं, केंद्रानं वाचवायला नकार द्यायचा आणि मग 'अदलाबदलीचा तह' पुढे करायचा.

१८३२ मध्ये जॉर्जियानं चेरोकींची जमीन लॉटरीत काढली. एका पिंपात नागरिकांच्या नावांच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात जमिनीच्या तुकड्यांच्या. शेतजमीन १६० एकरी, सोन्याच्या पट्ट्यातली ४० एकरी. चेरोकींचा निवडून आलेला प्रमुख जॉन रॉस १८३५ मध्ये वॉशिंग्टनहून बोलणी करून परतला तेव्हा त्याच्या घराचा, बागेचा आणि तरीचा ताबा लॉटरीत नाव निघालेल्या माणसाकडे गेला होता. रॉसनं राहिलेला काळ सरहद्दीपलीकडे टेनेसीत एका ओंडक्यांच्या खोपटात काढला. त्याच वर्षी 'फिनिक्स'चा छापखानाही जॉर्जियाच्या शिपायांनी उचलून नेला.

## कोर्टानं थांबवलं का नाही?

चेरोकी आधी कोर्टातच गेले. १८३१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश जॉन मार्शल म्हणाले की चेरोकी हे परकं राष्ट्र नव्हे, तर 'देशांतर्गत परावलंबी राष्ट्र' आहे, त्यामुळे थेट इथे दावा लावता येणार नाही. पुढच्या वर्षी वेगळ्या वाटेनं प्रकरण आलं. जॉर्जियाचा परवाना न घेता चेरोकींमध्ये राहिले म्हणून सॅम्युअल वूस्टर आणि डॉक्टर एलायझर बटलर या मिशनऱ्यांना चार वर्षांच्या सक्तमजुरीवर पाठवलं होतं. ३ मार्च १८३२ च्या निकालात मार्शल यांनी स्पष्ट सांगितलं की चेरोकींच्या मुलखात जॉर्जियाचा कायदा चालत नाही.

'मार्शलनं निकाल दिलाय, आता त्यानंच तो अमलात आणावा' हे जॅक्सनच्या तोंडी घातलेलं वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं. तो असं बोलल्याचा पक्का पुरावा नाही. बोलायची गरजही नव्हती. निकाल होता दोन मिशनऱ्यांना सोडण्यापुरता. जॉर्जियानं त्याकडे पाठ फिरवली, जॅक्सन गप्प बसला आणि पुढच्या वर्षी मिशनऱ्यांना माफी देऊन प्रकरण मिटवण्यात आलं. लॉटरीची सोडत चालूच राहिली. तरीही निकाल वाया गेला असं मी म्हणणार नाही. आजचा अमेरिकेतला सगळा आदिवासी कायदा मार्शलच्या त्याच निकालांवर उभा आहे.

## 'पण त्यांनी स्वतःच सह्या केल्या होत्या'

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो. सह्या कुणी केल्या ते पाहू.

२९ डिसेंबर १८३५ रोजी न्यू इकोटात जमलेल्या गटानं तहावर सह्या केल्या. पुढारी होते मेजर रिज, त्याचा मुलगा जॉन रिज आणि 'फिनिक्स'चा माजी संपादक इलायस बुडिनो. पूर्वेची सगळी जमीन द्यायची. बदल्यात पन्नास लाख डॉलर आणि पश्चिमेला मुलूख. हजर होते काही शे लोक, सह्या विसेक. राष्ट्राचा निवडून आलेला एकही अधिकारी त्यात नाही. सामाईक वाड्याचं खरेदीखत एका चुलत भावानं बाकीच्यांना न विचारता करून द्यावं, आणि रजिस्ट्रारला ते माहीत असूनही त्यानं नोंद करावी, तसं हे झालं. रॉसनं तहाविरुद्ध पंधरा हजारांहून जास्त सह्यांचा अर्ज वॉशिंग्टनला दिला. सगळे चेरोकी मिळून सोळा-साडेसोळा हजार. तरी मे १८३६ मध्ये सेनेटनं तह मंजूर केला, लागणारं दोन-तृतीयांश बहुमत एका मताच्या फरकानं गाठून.

रिज मंडळींना नुसतं फितूर म्हणून निकालात काढता येत नाही, असं मला वाटतं. त्यांचं म्हणणं होतं की कोर्टात जिंकूनही काही झालं नाही, लॉटरी झाली, आता राहिलो तर लोक संपतील. निदान काहीतरी पदरात पाडून घेऊ. परिस्थितीचं त्यांचं निदान चुकीचं नव्हतं. पण तो निर्णय घेण्याचा अधिकार त्यांचा नव्हता, आणि हे मेजर रिजला इतरांपेक्षा जास्त ठाऊक होतं. तीस वर्षांपूर्वी जमीन विकणाऱ्या डबलहेड या मुखियाला मारण्यात त्याचाच हात होता.

## मग प्रत्यक्ष काय घडलं

मुदत होती २३ मे १८३८. रॉसवर भरवसा ठेवून बहुतेक लोक घरीच होते; पेरण्याही केल्या होत्या. जनरल विनफिल्ड स्कॉटच्या हाताखाली सुमारे सात हजार सैनिक आले आणि घराघरातून माणसं काढू लागले. जे अंगावर ते सोबत. शिपाई पुढे गेले की मागून लुटारू येत. टेनेसी आणि अलाबामातल्या छावण्यांत उन्हाळा काढावा लागला आणि बरीच माणसं तिथेच मेली: हगवण, गोवर, डांग्या खोकला, घाणेरडं पाणी.

जूनमध्ये बोटींनी पाठवलेल्या पहिल्या तुकड्यांचे हाल पाहून रॉसनं स्कॉटला गळ घातली की उरलेल्यांना आम्हीच नेतो. मान्य झालं. शरद ऋतूत तेरा तुकड्या निघाल्या, बहुतेक हजारेक माणसांच्या. म्हातारे आणि आजारी गाड्यांत, बाकीचे पायी. केंटकी, दक्षिण इलिनॉय, मिसुरी असा सुमारे तेराशे किलोमीटरचा रस्ता. दिवाळीच्या सुमारास सुटलेले लोक फाल्गुन-चैत्रात पोचले. मिसिसिपीत बर्फाचे तुकडे वाहत असल्यानं काही तुकड्या काठावर कित्येक दिवस अडकल्या. रॉसची बायको क्वेटी लिटल रॉकजवळ वारली.

मेले किती? नेहमी सांगतात तो चार हजारांचा आकडा त्याच डॉक्टर बटलरच्या अंदाजातून आला, जो आधी जॉर्जियाच्या तुरुंगात होता आणि नंतर एका तुकडीबरोबर गेला. तो अंदाज आहे, मोजदाद नव्हे. अभ्यासकांत त्यावर वाद आहेत. रोगानं मेले म्हणून दोष कुणाचा नाही, असाही युक्तिवाद होतो. हजारो माणसांना भर उन्हाळ्यात शौचालयाशिवाय एका कुंपणात कोंडल्यावर हगवण होणारच, हे १८३८ च्या डॉक्टरांनाही कळत होतं.

नव्या मुलखात पोचल्यावर, २२ जून १८३९ रोजी एकाच दिवशी दोन्ही रिज आणि बुडिनो यांना मारण्यात आलं.

## पीडित तर गुलामही बाळगत होते

खरं आहे. १८३५ च्या शिरगणतीत चेरोकींकडे १,५९२ गुलाम नोंदलेले आहेत, आणि मालकांत रिज होते तसा रॉसही होता. क्रीकांच्या गणतीतही काही शे गुलाम आहेत. 'अश्रूंच्या वाटे'वर हे काळे स्त्री-पुरुषही चालले, जळण फोडत आणि आजाऱ्यांची शुश्रूषा करत. त्यांना पश्चिमेला जमिनीचं वचन कुणी दिलेलं नव्हतं. यामुळे हकालपट्टी समर्थनीय ठरत नाही, पण ही बाजू गाळून गोष्ट सांगणंही अप्रामाणिक आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर १८६६ च्या तहांनी या लोकांना दोन्ही राष्ट्रांचं नागरिकत्व दिलं आणि पुढे त्यावरून दीडशे वर्षं झगडा चालला. चेरोकींच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये आणि क्रीकांच्या न्यायालयानं २०२५ मध्ये त्यांच्या वंशजांच्या बाजूनं कौल दिला.

## म्हणजे आता टल्सा परत द्यायचं?

नाही. कुणाचंही घर, दुकान, गहाणखत बदललेलं नाही. २०२० चा प्रश्न एवढाच होता: १८३० च्या दशकात 'हा मुलूख कायम तुमचा' म्हणून जो दिला, तो नंतर कायद्यानं संपवला का? १८९८ च्या कायद्यानंतर तिथेही जमीन माणशी वाटून दिली गेली आणि बहुतेक हातची गेली. १९०७ मध्ये ओक्लाहोमा राज्य झालं. अलाबामातलाच प्रयोग पुन्हा. पण राखीव मुलूख रद्द केल्याचं संसदेनं कुठेही म्हटलेलं नाही. न्यायालय म्हणालं, संसदेनं म्हटलं नाही तर तो आहे. राज्य शंभर वर्षं तो नसल्यासारखं वागलं, म्हणून तो संपत नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा की त्या पट्ट्यात इंडियन आरोपीवरचे गंभीर खटले राज्याऐवजी केंद्राच्या किंवा राष्ट्राच्या न्यायालयात जातात. पुढे चेरोकींसह इतर राष्ट्रांनाही तेच लागू झालं. २०२२ मध्ये याच न्यायालयानं, पुन्हा पाच विरुद्ध चार, थोडं मागे घेतलं: आरोपी इंडियन नसेल तर राज्यालाही खटला चालवता येईल.

## आणि संसदेतला प्रतिनिधी?

न्यू इकोटाच्या तहाच्या सातव्या कलमात लिहिलंय की अमेरिकेची संसद तशी तरतूद करील तेव्हा चेरोकींना कनिष्ठ सभागृहात एक प्रतिनिधी पाठवता येईल. २०१९ मध्ये चेरोकी राष्ट्राचे प्रमुख चक हॉस्किन (धाकटे) यांनी किम टीही यांचं नाव पुढे केलं आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सभागृहाच्या समितीनं सुनावणीही घेतली. ज्या तहाला रॉसनं शेवटपर्यंत खोटा म्हटलं, त्याचंच कलम आता चेरोकी राष्ट्र पुढे करतं, याचं अनेकांना नवल वाटतं. मला त्यात विसंगती दिसत नाही. तहातली आपली बाजू चेरोकींनी सक्तीनं का होईना पूर्ण केली. जमीन गेली ती गेली. राहिली आहे ती समोरच्याची बाजू.

अडचणी निराळ्याच आहेत. हा प्रतिनिधी मत देऊ शकणार नाही असं गृहीत धरलं, तरी एकट्या सभागृहाचा ठराव पुरेल की दोन्ही सभागृहांचा कायदा लागेल, यावर मतभेद आहेत. शिवाय चेरोकींची अमेरिकेनं मान्य केलेली सरकारं आज तीन आहेत. नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात जे हलवले गेलेच नाहीत त्यांच्या वंशजांचं एक. ओक्लाहोमातलं मोठं चेरोकी राष्ट्र, ज्याचे साडेचार लाखांवर नागरिक आहेत. आणि तिथलंच युनायटेड कीटूवा बँड, ज्यातले बरेच जण तहाआधीच पश्चिमेला गेलेल्यांचे वारस असल्याचं सांगतात. १८३५ च्या तहाचे वारस आम्हीही आहोत, असं या धाकट्या दोघांचंही म्हणणं आहे, आणि समितीला आधी त्याचं काहीतरी उत्तर द्यावं लागेल.